सगळ्यांचा नंबर एक

माझी धाकटी जाऊ लिफ्टने येत नाही, हे माझ्या लक्षात आलं ते तिच्या किल्लीवरून. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. लिफ्टने आलेल्या माणसाची किल्ली पहिल्या झटक्यात कुलुपात जाते. जिन्याने धापा टाकत आलेल्याची आधी दोन-तीनदा कुलुपाभोवती खरवडते. मंगळवारी भाजी निवडताना मी ती खरवड ऐकली. बुधवारी पुन्हा. गुरुवारी मी आधीच दार उघडून उभी राहिले. ओठावर घाम, एक हात कठड्यावर आणि खांद्यावरची पर्स घसरून कोपरापर्यंत आलेली.

"लिफ्ट बंद आहे का गं?"

"नाही. चालू आहे."

"मग?"

"जरा व्यायाम होतो, वहिनी."

व्यायाम आणि ही! गच्चीत कधी चार फेऱ्या मारताना कुणी पाहिलं नाही हिला. त्यात आमच्या इमारतीच्या लिफ्टचा प्रोग्राम हिनेच लिहिलेला. स्वतः रांधून स्वतः उपाशी उठणाऱ्या बाईकडे बघावं तसं मी तिच्याकडे बघत राहिले. तिने माझी नजर चुकवली आणि चपला काढायला वाकली. चपला काढायला तिला बराच वेळ लागला.

ती या घरात आली त्याला आता बारा वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात मी पाहिलं होतं, ती गॅस बंद करते, मग बटणाला हात लावून बघते, मग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत येते आणि पुन्हा हात लावते. माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, तिला सरळ घाबरट म्हणतो. ऑफिसात तिला शंकाबाई म्हणतात, हे तिनेच मला सांगितलं, तेही असं की जणू ते तिचं पदच आहे.

तिचं ऑफिस म्हणजे लिफ्टचे कंट्रोलचे डबे जोडणारा एक कारखाना. पुढच्या भागात माणसं पोलादी डब्यांत वायरी बसवतात, मागे एका बिनखिडकीच्या खोलीत ही. टेबलावर दिव्यांची एक उभी रांग, सात दिवे म्हणजे तळमजला आणि सहा मजले, बाजूचे दोन म्हणजे दार. त्या टेबलावरच्या लिफ्टला ही दिवसभर वर-खाली करत असते. मी एकदा विचारलं होतं, तू तिथं नेमकं करतेस काय? ती म्हणाली, "घाबरते. लिफ्टमध्ये काय काय वाईट होऊ शकतं ते सगळं आधी मनात आणायचं, आणि ते होऊ नये म्हणून एकेक ओळ लिहायची." मी हसले. ती हसली नव्हती.

त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई लिफ्टमधून बाहेर पडताना पडल्या होत्या. दार उघडलं, त्यांनी एक पाय बाहेर टाकला, आणि दुसऱ्या पायाखालची लिफ्ट वर उचलली गेली. मनगट मुरगळलं, एवढ्यावर निभावलं. सगळ्यांनी एकच निकाल दिला, ऐंशी वर्षांचं वय, चक्कर आली असेल. गुरुवारी रात्री आम्ही दोघी त्यांना बघायला गेलो तर माझी जाऊ तब्येत विचारायच्या ऐवजी जबानीच घ्यायला लागली. कुठला पाय आत होता? दार पूर्ण उघडलं होतं का? लिफ्टमध्ये अजून कुणी होतं का?

"अगं, मी काय परीक्षेला बसलेय?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "जन्मभर मी प्रश्न विचारले, आता तू मला उभं कर बाकावर!" पण मग त्यांनी उत्तर दिलं, आणि ते शिक्षिकेचं उत्तर होतं. "डावा पाय आत. दार पूर्ण उघडं. माझ्यामागे एक गृहस्थ शिरले होते. लिफ्ट माझ्याखाली चार बोटं उठली. आणि मला चक्कर आली नव्हती. चक्कर माझ्या चांगली ओळखीची आहे."

परत येताना चौथ्या मजल्याच्या वळणावर माझी जाऊ जिन्यातच बसली.

"वहिनी, त्या खरं बोलताहेत."

मग तिने मला समजावून सांगितलं. लिफ्टचं दार उघडं असताना मोटरला वीज मिळतच नाही. त्याच्या वायरी वेगळ्या आहेत, त्या कुठल्या प्रोग्रामचं ऐकत नाहीत. पण एक सवलत ठेवावी लागते. माणसं आत आली-गेली की वजनाने दोर थोडा ताणतो, लिफ्ट मजल्याच्या जरा खाली-वर होते. ते दोन-तीन बोटांचं अंतर भरून काढायला दार उघडं असतानाही अगदी हळू हलायची परवानगी असते, आणि ती परवानगी देणं मात्र प्रोग्रामच्या हातात.

"ती परवानगी भलत्या वेळी दिली गेली तर?" मी विचारलं.

"तर हलेल."

"किती?"

"चार बोटं हललीच. त्याच्यापुढे बाकीच्या वायरी थांबवतील असं मला वाटतं."

"वाटतं?"

ती उठली आणि उरलेले दोन मजले माझ्यापुढे चढून गेली. मास्तरीणबाई पडल्या त्या दिवसापासून तिने लिफ्टमध्ये पाय का ठेवला नव्हता, ते मला आता कळलं.

तो सगळा आठवडा तिने ऑफिसात टेबलावरची लिफ्ट हजारो वेळा चालवली. दार उघड, वजन टाक, बटण दाब, वजन काढ. दिवे एकदासुद्धा चुकले नाहीत. मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टेबलावर चालतंय ना? मग म्हातारीचा पाय घसरला. अकरा ठिकाणी हा डबा बसलाय. एका म्हातारीच्या शब्दावर अकरा लिफ्ट बंद करू?" इमारतीचे सेक्रेटरी त्याहून मोकळे. "तुम्ही लेखी द्या की लिफ्ट धोक्याची आहे, आत्ता कुलूप ठोकतो." लेखी द्यायला तिच्याकडे पुरावा नव्हता. आणि पुरावा असता तरी तो कुणाच्या विरुद्ध? प्रोग्राम लिहिणारी तीच. कुणाचं तरी हाड मोडेल ही एक भीती, आणि आपलं नाव घालून ते कागदावर लिहावं लागेल ही दुसरी. दोन्ही तिच्या तोंडावर आळीपाळीने दिसायच्या. शेवटी तिने एका पुठ्ठ्यावर "लिफ्ट वापरू नये" असं लिहून खाली अडकवलं. तासाभरात कुणीतरी तो काढून कचऱ्याच्या डब्यावर ठेवला होता, नीट, अक्षरं वर करून.

घरात प्रश्न सासूबाईंचा होता. आईंच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. तळमजल्यावर एक व्यायाम शिकवणाऱ्या बाई बसतात, त्यांच्याकडे आईंना दिवसाआड न्यायचं. सहा मजले जिना त्यांना शक्यच नव्हता. बुधवारी धाकटीने सांगितलं, व्यायामवाल्या बाई रजेवर आहेत. शुक्रवारीही तेच. शनिवारी आईंनी स्वतः फोन लावला. बाई कुठल्या रजेवर, त्या आईंचीच वाट बघत होत्या.

"दोघी मिळून मला कोंडून घालताय का?" आई म्हणाल्या.

"आई, मला चार दिवस द्या फक्त," धाकटी म्हणाली.

"माझा पाय आखडला तर तू मला चार महिने देशील?"

"आई, तुझी ही सून स्वतःच्या सावलीला भिते," भाऊजी वर्तमानपत्रामागून म्हणाले. "आणि दुर्दैव बघ, त्या सावलीचा प्रोग्रामही हीच लिहिते."

ती पानावरून उठून गेली. मी भाऊजींकडे असं बघितलं की त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ताटं उचलायला मला मदत केली.

रविवारी सकाळी ती गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेली. मेकॅनिककडून खोलीची किल्ली तिने मागून घेतली होती. लिफ्टचा तो डबा स्वतःची डायरी लिहितो, केव्हा दार उघडलं, केव्हा मोटर फिरली, सगळं. ती डायरी तिने उतरवून आणली, छापून काढली, आणि शेजारी टेबलावरच्या लिफ्टची डायरी ठेवली. जेवणाच्या टेबलावर दोन गठ्ठे. दुपारची वेळ, पुरुषमंडळी बाहेर, आई आपल्या खोलीत रुसून पडलेल्या. चार दिवसांच्या जागरणाने तिच्या डोळ्यांपुढच्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्या होत्या.

"वहिनी, तुम्ही वाचाल? मी इकडे खुणा करते."

मी चष्मा लावला आणि आमच्या लिफ्टची डायरी वाचायला लागले. "दहा वाजून सात, एक, दार उघडतंय. दहा सात, एक, दार उघडलं. दहा सात, एक, वजन वाढलं. दहा सात, एक, बटण चार. दहा सात, एक, मोटर हळू वर." दोन पानं वाचून झाली तेव्हा जीभ टाळूला चिकटायला लागली.

"अगं, हा 'एक' दर ओळीला वाचलाच पाहिजे का? सगळीकडे एकच तर आहे."

तिची पेन्सिल थांबली. तिने माझ्या हातातलं पान ओढून घेतलं, तिसरं पान ओढलं, दहावं ओढलं. मग आपल्या गठ्ठ्यातलं पान त्याच्याशेजारी ठेवलं. तिच्या पानावर त्याच जागी लांबलचक आकडे होते, आणि नीट बघितलं तर चारच तऱ्हेचे, आलटून पालटून. माझ्या पानावर वरपासून खालपर्यंत एक, एक, एक, एक.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरला.

"काय झालं?"

"वहिनी, हा प्रोग्राम म्हणजे एक माणूस नाही. आत चौघं काम करतात, एकाच वेळी. एक दार बघतो, एक मोटर, एक बटणं, एक ही डायरी लिहितो. प्रत्येकाला आत शिरताना एक बिल्ला मिळतो. वेगळ्या नंबरचा."

"आणि इथं?"

"इथं चौघांच्या बिल्ल्यावर एक."

"मग होईना का. नंबरने काय होतंय?"

"एक नंबर कधी मिळतो, माहितेय? घरात एकटाच असला तर." तिने बाथरूमच्या दाराकडे बोट केलं. "तुम्ही घरी एकट्या असताना ती कडी लावता?"

"नाही लावत."

"तसंच. एकाचं काम चाललेलं असताना दुसऱ्याने मध्ये शिरू नये म्हणून मी शंभर ठिकाणी कडी लावायला लिहिलंय. पण कडी लावणारा आधी विचारतो, घरात दुसरं कुणी आहे का? उत्तर येतं, नाही. मग तो कडीला हातच लावत नाही. आणि मला सांगतो, लावली." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "दारवाला म्हणतो दार उघडं आहे, थांबा. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मोटरवाला परवानगी उचलून नेतो."

आपण गेलं वर्षभर त्या लिफ्टमधून दूध, भाजी, पाहुणे, सगळं आणत होतो.

"मग टेबलावर का नाही झालं?"

समोरच्या दोन्ही पानांचे कोपरे तिने जुळवले, पुन्हा जुळवले. मग म्हणाली, "गाठोडं मी बांधलं, वहिनी."

ते गाठोडं मला समजायला थोडा वेळ लागला. टेबलावरचा प्रोग्राम हात हलवत येतो, त्याला लागणाऱ्या तयार वस्तू तिथल्या मोठ्या फळीवर असतात, ऐन वेळी उचलतो. पूर्वी लिफ्टमध्येही तसंच होतं. पण दर डब्यातली फळी वेगळी, कुठं जुन्या वस्तू, कुठं नव्या, आणि गेल्या वर्षी तीन लिफ्ट त्यापायी सुरूच होईनात. तेव्हा हिनेच तोड काढली. लागेल ते सगळं प्रोग्रामबरोबरच एका गाठोड्यात बांधून पाठवायचं, म्हणजे तिथल्या फळीवर काही असो नसो. सगळ्यांनी वाहवा केली होती. मला आठवतंय, त्या दिवशी ती घरी गुणगुणत आली होती.

"गाठोडं बांधणारा यादी बघतो," ती सांगत होती. "यादीत दोन तऱ्हेची नावं असतात. मीठ आणच, अशी एक. आणि लिंबू दिसलंच तर आण, अशी दुसरी. मीठ तो कुठूनही शोधून आणतो, नाही मिळालं तर ओरडतो. लिंबासाठी तो फळीपर्यंत जातसुद्धा नाही. दुसरं काही उचलताना हाताला लागलंच तर घेतो, नाहीतर तेवढी जागा रिकामी सोडून गाठ मारतो. आणि एक शब्द बोलत नाही."

"आणि घरात कुणी आहे का ते कसं ठरवतात?"

"त्या लिंबावरूनच. गाठोड्यात लिंबू असलं तर घरात माणसं आहेत. नसलं तर एकटाच."

"ही कसली गं रीत!"

"जुनी रीत आहे. एकट्या माणसाने उगाच कड्या लावत बसू नये, वेळ जातो, म्हणून केलेली सोय. मोठ्या फळीवर माणसं आणि लिंबू दोन्ही एकत्रच असतात, कधी चुकत नाही. गाठोड्यात मात्र माणसं चारही आली, ती 'आणच' मध्ये होती. लिंबू राहिलं. बांधणाऱ्याला एवढंच सांगायचं होतं की निवडत बसू नकोस, अख्खी फळी उचल. एक ओळ. ती मी लिहिली नाही. आणि टेबलावर तपासत बसले ते न बांधलेलं."

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं. "अकरा ठिकाणी," ती आतून म्हणाली.

आईंनी हे ऐकलं असेल का, म्हणून मी त्यांच्या खोलीत डोकावले. पलंग रिकामा. कोपऱ्यातली काठी नाही. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं.

मी तास-दीड तास मोठ्याने वाचत बसले होते, माझाच आवाज माझ्या कानात. त्या आमच्या पाठीमागून निघून गेल्या होत्या, व्यायामवाल्या बाईंकडे, सुनांच्या नाकावर टिच्चून.

आम्ही दोघी लिफ्टपाशी धावलो. दारावरच्या चौकटीत आकडा होता शून्य. आम्ही बघत असतानाच तो एक झाला. मी फटीला तोंड लावून हाक मारली, "आई?"

"येतेय गं!" खालून, विहिरीतून यावा तसा आवाज आला. "ओरडतेस कशाला?"

माझं बोट आपोआप बटणाकडे गेलं.

"दाबू नका!" धाकटीने माझा हात धरला. "आता एकही बटण दाबू नका. प्रत्येक बटण म्हणजे आत अजून एक जण धावतो."

"अगं मग बंद कर ना ती! वर स्विच आहे ना?"

"आत्ता ओढला तर आई मध्येच लटकतील. अंधारात. त्या खुब्यावर किती वेळ उभ्या राहतील?" दोन. तिचे ओठ हलत होते, मोजत असल्यासारखे. "चालताना भीती नाही. दार उघडल्यावर आहे. वहिनी, ऐका. दार पूर्ण उघडलं की ओरडा. आईंनी पाय उचलायच्या आत. मी वर स्विच ओढते. वीज गेली की ब्रेक आपोआप आवळतो, मग ती कुठंही जात नाही."

आणि ती गच्चीकडे पळाली. तिच्या चपला जिन्यात एकीकडे एक, दुसरीकडे दुसरी. वर लोखंडी दार करकरलं. तीन. मग काहीच ऐकू येईना, फक्त दोराची ती सरसर. चार. वर किल्ली लागली का, तिच्या हाताला स्विच सापडला का, मला काही कळायला मार्ग नव्हता. दोन बाळंतपणं केली, वडिलांच्या उशाशी बसले, पण चार आणि पाच यांच्यामध्ये एवढी जागा असते हे मला माहीत नव्हतं. पाच. मला भलतीच भीती वाटली, की ऐन वेळी माझा आवाजच फुटणार नाही.

लिफ्ट थांबली. फरशीला फरशी बरोबर लागलेली मी डोळ्यांनी पाहिली. दार सरकत सरकत पूर्ण उघडलं. आत आई, काठी हातात, पिशवी मनगटाला, चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा आनंद.

"आई हलू नका, ओढ गं!" मी एका श्वासात दोघींना ओरडले.

आई दचकल्या. काठीचं रबर बाहेरच्या फरशीवर टेकलं होतं. त्यांचा उजवा पाय अर्धा उचललेला होता, तो त्यांनी तिथंच धरला. वर धाडकन काहीतरी वाजलं आणि लिफ्टमधला दिवा गेला.

"लाईट गेली वाटतं," आई म्हणाल्या. "आणि तू किंचाळतेस काय अशी?"

मी त्यांना काखेत धरलं. "आई, पायरी आहे. बघून उतरा."

"इथं कुठली आलीय पायरी?" असं म्हणून त्यांनी खाली बघितलं.

त्यांची नखं माझ्या दंडात रुतली. काठी खाली टेकलेली आणि त्या स्वतः वर, अशा तिरक्याच उभ्या होत्या त्या. मी जवळजवळ उचलूनच त्यांना बाहेर घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसवलं.

धाकटी वरून आली, अनवाणी, हात ग्रीसने काळे. तिने आधी आईंना नखशिखांत न्याहाळलं. मग वाकून लिफ्टची कड आणि आमची फरशी यांच्यामधल्या उंचीला बोटं लावली.

"तीन," ती म्हणाली.

"तू बंद केलीस का गं?" आईंनी विचारलं.

"हो, आई."

"आणि बिघडवलीही तूच?"

"हो."

आईंनी तिच्या काळ्या हातांकडे बघितलं. "मग मला सरळ सांगायचंस. त्या बिचाऱ्या व्यायामवालीला कशाला रजेवर पाठवलंस?"

"सांगायची भीती वाटत होती."

"मी काय खाणार होते तुला?" असं म्हणाल्या खऱ्या, पण स्वतःच्या पदराने त्यांनी तिच्या हाताचं ग्रीस पुसायला घेतलं.

त्या छापील कागदाच्याच पाठीवर तिने सेक्रेटरींना लिहून दिलं. लिफ्ट धोक्याची आहे, कारण माझ्या कामातली चूक, खाली सही. सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं, कुलूप लावलं आणि हळूच म्हणाले, "एवढं स्पष्ट नको होतं लिहायला, बाई." मालकांचा फोनवरचा आवाज मला बाजूला उभी राहून ऐकू येत होता. सोमवारी बघू, आज कुणाला काही बोलू नकोस. ती म्हणाली, "साहेब, माणसं रविवारीही लिफ्टने जातात." फोन ठेवला आणि त्याच्याकडे असं बघितलं, की जणू तो आता चावेल. (पुढं तिची नोकरी राहिली. गाठोडं कसं बांधलंय आणि कसं सोडायचं हे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.)

मग तिने यादी पुढ्यात घेतली. आमची सोडून दहा ठिकाणं. भाऊजी परत आले, माझ्याकडून सगळं ऐकलं, एकदा आईंच्या खोलीकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून बायकोशेजारी बसले. ते नंबर लावून द्यायचे, ती बोलायची. कुणी हसलं, कुणी खेकसलं, एका वाचनालयाच्या माणसाने विचारलं, तुम्ही कोण सांगणार? दर वेळी तिचं उत्तर तेच. "प्रोग्राम लिहिणारी. चूक माझी आहे." पहिल्यांदा 'माझी' म्हणताना आवाज तुटला. पाचव्या-सहाव्या वेळी आपला पत्ता सांगावा तसं सांगायला लागली, पण टेबलाखाली भाऊजींचा शर्ट तिने मुठीत घट्ट धरलेला होता.

नऊ ठिकाणं झाली. राहिलं एक प्रसूतिगृह. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा एक मुलगी बोलली. "डॉक्टर राउंडला आहेत, नंतर करा."

"लिफ्ट बंद करा. आत्ता."

"अहो, बंद कशी करू? एका बाईंना स्ट्रेचरवरून वर नेताहेत. हे काय, आत घालताहेत."

धाकटी उभी राहिली. खुर्ची मागे पडली ती कुणी उचलली नाही. "थांबवा त्यांना."

"दार लागलं पण."

"मेन स्विचपाशी कुणी आहे?"

"वॉचमन काका आहेत वर."

"त्यांना सांगा, वर दार पूर्ण उघडलं की स्विच ओढा. त्याच्याआधी नाही. आणि वीज जाईपर्यंत स्ट्रेचर तसूभर हलवायचं नाही. कळलं? परत म्हणून दाखवा."

मुलीने चाचरत परत म्हटलं आणि रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवून पळाली. फोनच्या स्पीकरवर आम्हाला तिकडचं सगळं ऐकू येत होतं. चपलांचा आवाज. लांबवर कुणीतरी कुणालातरी हसत होतं. एक घंटी. एक खुर्ची सरकली. आई काठी टेकत बाहेर आल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी भाऊजींकडे बघितलं, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. धाकटीचे मात्र सताड उघडे, भिंतीवर लावलेले.

मग रिसीव्हर उचलल्याचा खडखडाट.

"बंद केली हो," मुलगी धापा टाकत म्हणाली. "बाहेर आल्या त्या. काही हललंबिललं नाही. तुम्ही उगाच घाबरवलंत सगळ्यांना."

"कशा आहेत?"

"कोण?"

"स्ट्रेचरवरच्या."

"अहो, त्या मजेत आहेत, चहा मागताहेत," मुलगी म्हणाली. "तुम्हाला काय झालं? तुम्ही का रडताय?"